‘डबा’ लिहिलेली गाडी
जानेवारीतला रविवार होता, गाडीवर तोवर तीन लाख दहा हजार खर्च झाले होते, आणि चेन्नईत अण्णा नगरच्या मैदानावर जुन्या मोटारींच्या मेळाव्याला मी, बहीण आणि मेहुणे असे तिघे होतो. मेहुण्यांनी एका जुनाट मोटारीचा मागचा भाग कापून, खिडक्यांच्या जागी पत्रा बसवून सामानाची गाडी केली होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्यातून बहिणीचे जेवणाचे डबे ऑफिसांत जायचे होते. पत्र्यावर तमिळ अक्षरांत ‘डबा’ लिहिलं होतं आणि हिरव्या ऑइलपेंटचा वास अजून जात नव्हता. शौकीन मंडळी जमली. एक वृद्ध गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, “कंपनीनं अशी गाडी कधी काढलीच नाही,” आणि पत्र्याचा सांधा शोधायला गुडघ्यांवर बसले. तो त्यांना सापडेना. मेहुणे खुलले. तेवढ्यात मागून कुणी तरी ओरडलं, “डब्बा वंडी!” आणि सगळे हसत सुटले. तमिळमध्ये त्याचा अर्थ भंगार गाडी, हे आम्हाला तेव्हा कळलं. मेहुण्यांचा चेहरा पडला. “आजच पुसून टाकतो. या नावाचं जेवण कोण मागवेल?” बहीण फोटो काढणाऱ्यांकडे पाहत होती. म्हणाली, “अहो, इतक्या गाड्यांत नाव वाचलं ते आपलंच ना? खाली फोन नंबर घाला.” संध्याकाळी नाव रंगवणाऱ्या पेंटरला मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “मला वाटलं, तुम्ही गंमत करताय, सार.” परवा घराच्या दाराला तोच हिरवा रंग दिला, तेव्हा हे आठवलं. गाडीवर नाव अजून तेच आहे. पेंटरला नंबराचे चारशे दिले, पुसायचे द्यावे लागले नाहीत.