काळ्या बुडाचं धोंडस

कुळगावच्या चाळीत राहत होतो तेव्हा शेजारणी माझ्या पातेल्यात बघून टिकली सरळ करायच्या. बिल्डिंगमध्ये आलो तरी माझी घासणी सुटली नाही. भांड्यांना बाई लाव म्हणून मुलगा मागे लागला होता, मी दाद दिली नाही. भांडी लख्ख करण्यात माझा हात धरणारी बदलापुरात कोणी असेल तर तिने समोर यावं. त्याच हाताने मी एकदा माझंच नाक कापून घेणार होते, ते सांगते.

गेल्या वर्षी माझ्याकडून दोनदा गॅस चालू राहिला. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या वेळी रिकामा कुकर तापत राहिला आणि शेजारच्या वहिनी वास आला म्हणून धावत आल्या. संध्याकाळी मुलाने फर्मान काढलं, "आई, आता गॅसला हात लावायचा नाहीस. एक तारखेपासून स्वयंपाकाला बाई येतील."

"म्हणजे मी काय देव्हाऱ्यात बसून नैवेद्याची वाट बघू?"

बोलले खरी, पण आतून पार हलले. इतकी वर्षं ज्या ओट्याशी उभी राहिले, तिथे उद्या कोणीतरी मला म्हणणार, काकू, जरा बाजूला व्हा. रडूच आलं मला.

सून अंबरनाथला कारखान्याच्या ऑफिसात आहे. बोलते कमी, पण डोकं चालवते. दोन दिवसांनी ती ओट्यावर ठेवायचा इन्फ्रारेड ओव्हन घेऊन आली. वर दोन कांड्या, खाली दोन. चालू केला की लालबुंद होतात आणि वेळ भरली की टण्ण वाजून आपोआप बंद. "आई, तुम्ही विसरलात तरी हा विसरत नाही," म्हणाली. मी वाकून आत बघितलं आणि मला माझी आई आठवली. कोकणात आमच्या घरी ती काकडीचं धोंडस, म्हणजे आमचा गुळाचा केकच, असंच भाजायची, पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे.

"अगं, ही तर आईची चूल!" मी म्हटलं. मुलाला तिथल्या तिथे सांगून टाकलं, "रविवारी यात धोंडस करते. जमलं तर स्वयंपाकघर माझं. नाही जमलं तर खुशाल बाई आण."

आता भांडं कुठलं घ्यायचं? घरातलं एकही पातेलं आत जाईना. जे गेलं ते वरच्या कांडीला टेकायला लागलं. मी सुतळीने आतलं माप घेतलं, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून गाठी मारल्या आणि ती सुतळी पर्समध्ये टाकून उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेले. तिथल्या भांडीवाल्या सिंधी काकांसमोर मी चकचकीत स्टीलचा डबा धरला.

"आंटी, ये मत लो. चमकीला बर्तन गरमी वापस फेंकता है. काला लो, काला गरमी खाता है." असं म्हणत त्यांनी जाड पत्र्याचा एक बसका साचा पुढे केला, तेल लावून भाजून काळाकुट्ट केलेला. हा माणूस मला भांडी शिकवणार! पण सुतळीच्या गाठींत साचा चपखल बसला, म्हणून घेतला.

घरी आले, साचा सिंकमध्ये ठेवला आणि हाताला सवय ती सवय. तारेच्या घासणीने असा काही रगडला की अर्ध्या तासात तोंड दिसायला लागलं. वर मी सुनेला दाखवलाही, बघ, याला म्हणतात भांडं!

शनिवारी रंगीत तालीम केली. वांगणीच्या भाजीवालीकडून जून काकडी आणली होती. ती किसली, तांदळाचा रवा ओव्हनमध्येच भाजून घेतला, गूळ, खोबरं, वेलची घालून दोन तास मुरवलं आणि साच्यात ओतून आत ठेवलं. टण्ण वाजलं. वरून रंग असा सुरेख, की मी हसत साचा उपडा केला. काही पडेना. सुरी घालून काढलं तर बुड पांढरं, चिकट, लगदा नुसता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी साचा हातात घेऊन बसले. आईचं धोंडसाचं पातेलं बाहेरून कोळशासारखं काळं असायचं आणि ती आम्हाला त्याच्या बुडाला हात लावू द्यायची नाही. मी तिला आळशी समजायचे. सासरच्या माणसांपुढे त्या पातेल्याची मला लाज वाटायची. तिला कळत होतं, मलाच कळत नव्हतं. आई, चुकले गं.

मग उठले. साच्याला तेलाचा हलका हात फिरवला आणि खिडक्या उघड्या टाकून रिकामाच ओव्हनमध्ये भाजला. गार केला, पुन्हा तेल, पुन्हा भाजला. तिसऱ्या खेपेला त्याच्यावर काळा रंग परत चढला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं भांडं मुद्दाम काळं केलं.

रविवारी सगळे ओट्याभोवती उभे होते. मी साचा उपडा केला आणि धोंडस ताटात धप्पकन उतरलं, खालून वरून सारखंच तांबूस, कडा खरपूस. मुलाने एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला मी हातावर चापट मारली. आहेच मला अभिमान, का नसावा?

सून मदत म्हणून साचा सिंककडे नेऊन घासणी घ्यायला लागली तशी मी ओरडले, "त्याला हात लावायचा नाही!" आवाज अगदी माझ्या आईचा आला.

तेवढ्यात मुलाने फोन लावला. "बाई, एक तारखेला येऊ नका. आमच्याकडे स्वयंपाकाला माणूस आहे."

"माणूस काय म्हणतोस?" मी हातातल्या उलथन्यासकट त्याच्याकडे वळले. "मालकीण आहे म्हणून सांग!"

आणि त्याने फोनवर तसंच सांगितलं.