आप्पांना कॉलेजात बोलावलं तेव्हा

कोल्हापुरातलं आमचं कॉलेज इतकं लहान होतं की सिस्टर प्रत्येक मुलीला नावानं ओळखायच्या. कॅथलिक सिस्टरच ते चालवायच्या. इतिहास, तत्त्वज्ञान, गाणं, सगळंच शिकावं लागे आणि दर आठवड्याला काहीतरी लिहून वर्गात वाचावं लागे. बाकीच्या मुलींचे वडील डॉक्टर, वकील, दुकानदार. मी कोडोलीहून एसटीनं यायची आणि माझे आप्पा शिरोलीच्या एका फौंड्रीत लोखंड ओतण्यासाठी वाळूचे साचे भरायचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी लेखन शिकवणाऱ्या सिस्टरांनी विषय दिला, घरातल्या एका माणसाचा कामाचा दिवस. दोन दिवस मी कोरा कागद घेऊन बसले. शेवटी मोबाइलवर एका मुलीनं आपल्या शिक्षक वडिलांवर लिहिलेला लेख सापडला. गावाचं नाव बदललं, शाळेपुढच्या नारळाचा वड केला आणि वर्गात वाचून दाखवला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी तो कागद ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. मूळ लेखाची प्रत टेबलावर होती. शनिवारी वडिलांना घेऊन ये, एवढंच त्या म्हणाल्या. मी माफी लिहून देते म्हटलं, रडले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

घरी मी कारण माहीत नाही असं सांगितलं. आप्पांनी पाळी बदलून घेतली. एसटीत त्यांनी एकदाच विचारलं, काही लफडं नाही ना. मी नाही म्हटलं.

सिस्टरांनी आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ते खुर्चीच्या कडेवरच टेकले. मग सिस्टर माझ्याकडे वळल्या.

"कशासाठी बोलावलंय ते तू सांग. मी सांगणार नाही."

दुसऱ्याचा लेख माझा म्हणून वाचला, असं मी कसंबसं सांगितलं.

"कशावर हुता?" आप्पांनी विचारलं.

तिथंही खोटं बोलता आलं असतं. सिस्टर अडवणार नव्हत्या, हे मला कळत होतं.

"तुमच्यावर," मी म्हणाले. "तुम्ही मास्तर आहात असं वाचलं मी."

आप्पांनी हातातला पेला खाली ठेवला. ते उठतील आणि माझं कॉलेज इथंच संपेल असं मला वाटलं. पण ते सिस्टरांना म्हणाले, "कामावर मी काय करतो ते हिनं कधी इचारलं न्हाय. मी बी सांगितलं न्हाय. आता काढून टाकताय व्हय हिला?"

सिस्टर काढणार नव्हत्या. पण लेखाला शून्य मिळणार होतं. सोमवारी त्याच वर्गापुढं आधीचा लेख चोरीचा होता हे सांगायचं आणि नवा वाचायचा, असं त्यांनी बजावलं.

परतताना एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी असूनही आप्पा पुढच्या बाकावर बसले.

रविवारी दुपारी मी वही घेऊन त्यांच्यासमोर गेले. आधी ते तुटक बोलले. मग वाळू जास्त ओली राहिली तर लोखंडाचा तापलेला रस कसा उसळतो ते सांगताना त्यांनी पँट वर केली. नडगीवर जुना चट्टा होता. गाडीच्या सायलेन्सरनं भाजलं असं त्यांनी आम्हाला सांगितलेलं.

"हे पण लिहू?" मी विचारलं.

"लिव. पर आईला दावू नको."

सोमवारी आधी चोरीचं सांगितलं आणि मग नवा लेख वाचला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिस्टरांनी शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा करून वही परत दिली. आप्पा पुढं महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.