ऑर्लीनच्या दारावरची पाटी

ऑर्लीन टिबेट्सच्या कॅफेत यायचं तर दोनच नियम होते: टोपी भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांना अडकवायची आणि तिच्या ग्रेव्हीला नावं ठेवायची नाहीत. मेस्किट ड्रॉ गावाने ते वर्षानुवर्षं मुकाट पाळले. मग बाईंनी तिसरा काढला आणि गावभर बोंबाबोंब झाली. दारावर पाटी लागली, पिस्तूल घेऊन आत यायचं नाही!

आता पश्चिम टेक्ससमधल्या माणसाला पिस्तूल बाहेर ठेव म्हणणं म्हणजे चड्डी बाहेर ठेव म्हणण्यासारखंच की हो. सगळ्यात जास्त भडकला डॉयल पेटिग्रू. पंच्याहत्तरीचा, सगळा जन्म गुरांमागे घालवलेला, ऑर्लीनच्या गेलेल्या नवऱ्याचा जिवलग मित्र. बायको वारल्यापासून त्याची सकाळ खिडकीजवळच्या टेबलावरच उजाडायची.

"पाटी बेकायदा आहे," तो म्हणाला आणि खिशातून टेप काढून अक्षरं मोजायला लागला. "आपल्या टेक्ससचा कायदा सांगतो, अक्षर इंचभर उंच पाहिजे. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही. हे काय, मुंग्यांसाठी लिहिलंयस?"

ऑर्लीनने दुसऱ्या दिवशी शिडी लावली आणि कायद्यातली वाक्यं जशीच्या तशी, दोन्ही भाषांत, ठसठशीत रंगवली.

"आता दिसतंय, की चष्मा आणू?"

"घटनेने हक्क दिलाय मला, ऑर्लीन!"

"दिलाय ना. पण घटना सरकारचे हात बांधते रे बाबा, माझे नाही. दुकान माझं आहे. बोलायचाही हक्क दिलाय तुला, म्हणून काय इथे बसून दिवसभर भाषण ठोकणार?"

"ते तर तो ठोकतोच," कोपऱ्यातून त्याचा शेजारी लॉयड पुटपुटला.

डॉयल ग्रेव्हीत बुडवलेलं गरम, पावासारखं बिस्किट अर्धं टाकून उठला. दुसऱ्या दिवसापासून त्याने ट्रक समोर, रस्त्यापलीकडे लावला. "इथे जमीन सरकारची. इथे घटना चालते," म्हणत मागच्या फळीवर गार कॉफी घेऊन बसला. बघता बघता निम्मं गाव त्याच्याभोवती जमलं, लॉयडसुद्धा. इकडे ऑर्लीनची बिस्किटं तशीच वाळत पडायची.

आणि गंमत अशी, की ज्या पिस्तुलासाठी हा सगळा तमाशा चालला होता, ते ऑर्लीनच्या पिठाच्या डब्यात होतं.

कॅफेत बाथरूम एकच. डॉयल आत गेला की पिस्तूल काढून पाण्याच्या टाकीवर ठेवायचा, आणि तसाच बाहेर यायचा. पहिल्यांदा तिने ते हळूच त्याच्या हातात दिलं, दोघं हसले. दुसऱ्यांदा मात्र एक एवढीशी पोरगी आली आणि ऑर्लीनचा एप्रन ओढून कानात म्हणाली, "आत बंदूक आहे. मी हात नाही लावला." ऑर्लीन धावत आत गेली. तिने पिस्तूल रिकामं केलं, पिठाच्या डब्यात कोंबलं आणि त्याच संध्याकाळी ब्रश हातात घेतला.

खरं सांगितलं असतं तर? डॉयलचं डोकं चालेनासं झालंय, हे गावभर झालं असतं. डॅलसची त्याची लेक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली असती, त्याला वृद्धाश्रमात न्यायला. एका माणसाचं नाव घ्यायला नको म्हणून बिचारीने सगळ्या गावाला बंदी केली, आणि हा गाढव त्याच बंदीविरुद्ध पुढारी होऊन बसला! घोड्यावरून पडल्यापासून त्याचा खुबा बधिरच होता. कमरेचं झाकणाचं चामड्याचं म्यान रिकामं आहे, हेही त्याला कळलं नव्हतं. पिस्तूल कुठे गेलं, असं त्याने एकदाही विचारलं नाही. ऑर्लीनला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याचीच.

शनिवारी डॉयल रस्ता ओलांडून आला. मागे सगळा गोतावळा.

"मी पिस्तुलासकट आत येतोय. बोलाव शेरीफला!"

उंबरा ओलांडून त्याने म्यानाचं झाकण उघडलं. हात आत गेला आणि तिथेच राहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. मागची माणसं माना उंचावून बघत होती.

"बघा, बघा!" ऑर्लीन टाळी वाजवत ओरडली. "रिकामं आहे! माझी पाटी मानली की नाही पठ्ठ्याने? इतके दिवस नुसती फिरकी घेत होता तुम्हा सगळ्यांची! डॉयल, टोपी अडकव आणि बस. बिस्किटं गार होतायत."

हशा पिकला. डॉयलला चार शिव्या घालत माणसं आपापली पिस्तुलं गाडीत ठेवायला पांगली.

डॉयल खिडकीजवळ बसला. ऑर्लीनने कप भरला.

"कुठे सापडलं?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"बाथरूममध्ये."

"कोणाला?"

तिने टेबलाच्या उंचीला हात धरून दाखवला. डॉयलने तोंड झाकून घेतलं.

"म्हणजे पाटी माझ्यासाठी होती."

"गप खा."

"आणि मी तुझ्याच दारासमोर..." त्याचे डोळे भरून आले. "आता कुठे आहे ते?"

"पिठाच्या डब्यात. जाताना नेणार का?"

"नको. राहू दे तिथेच." त्याने बिस्किट मोडलं, पण तोंडात घातलं नाही. "ऑर्लीन, उद्या मी परत विचारलं, कुठे आहे म्हणून, तर सांगशील ना? चिडणार नाहीस ना?"

"चिडेन," ऑर्लीन म्हणाली. "पण रोज सांगेन."