वऱ्हाडाच्या जीपमधला बिनवायरचा हेडफोन

टोकावड्याच्या हरेश खाकरने सात वर्षं दुसऱ्यांच्या जीपा हाकल्या आणि २००९ साली स्वतःची घेतली. जीप जुनी, रंग नवा. इंजिन कसंही असो, टेप भारी हवा, या मताचा तो माणूस. म्हणून कल्याणहून ब्लूटूथवाला टेप बसवून आणला. ब्लूटूथ म्हणजे काय, हे त्याने बसवणाऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला माहीत नाही हे त्याला कळलं असतं.

पहिलीच वर्दी भगीरथच्या लग्नाची. मांडव किन्हवलीला. जीपमध्ये बसणार नवरदेव भगीरथ, त्याचा मामेभाऊ हनुमान आणि धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाणाऱ्या हिराबाई. हिराबाईंची अट सगळ्या पट्ट्याला पाठ होती. नवरदेव घरातून निघाला की मांडवापर्यंत गाडीत फक्त धवला. दुसरा आवाज निघाला तर त्या तिथेच उतरणार. एकदा उतरल्याही होत्या. त्या ड्रायव्हरला नंतर लग्नाची वर्दी कोणी दिली नाही.

हनुमानला मात्र नाचाची गाणी हवी होती. "टेप नाय तर मी यष्टीनं येतो," म्हणून तो फुगला आणि मग त्यानेच पिशवीतून बिनवायरचा हेडफोन काढला. "टेपचा आवाज याच्यात सोड. मी ऐकतो, म्हातारी गाते. कोनाला काय कळनार नाय."

हरेशला हे फारच पटलं. त्याने टेपचं बटण दाबलं, निळा दिवा लुकलुकला. हनुमानने हेडफोनचं दाबलं, तिथेही निळा दिवा. दोन्ही दिवे कांदेपोह्यांना बसलेल्या मुलगा-मुलीसारखे लुकलुकत राहिले. आधी कोणीच बोलेना.

"जवळ धर," हरेश म्हणाला. हनुमानने हेडफोन टेपला टेकवला. "उलटा धर." उलटा धरला.

"तुझा टेप मुका हाय."

"माझा टेप मुका? तुझा हेडफोन बहिरा हाय!"

मुंडावळ्या सावरत भगीरथ मध्ये पडला. "अरे येड्यांनो, दोनी ऐकनारेच हायेत. टेप मोबाइलचं ऐकतो, हेडफोन पन मोबाइलचं ऐकतो. बोलनारा कोन?"

"दिवसभर बोंबलतो तो टेप, नि तू त्याला ऐकनारा म्हनतोस?" हरेशचं डोकं गरगरलं.

"थांब, माझा मोबाइल लावतो." भगीरथच्या मोबाइलवर दोन नावं आली, दोन्ही नुसते आकडे; टेप कुठला नि हेडफोन कुठला, कळेना. त्याने त्यातलं एक दाबलं. तेवढ्यात हिराबाई चढल्या, धवला सुरू झाला आणि जीप निघाली. हनुमानला हेडफोनात काही ऐकू येत नव्हतं, पण कबूल कसं करायचं? तो मान हलवत राहिला.

सरळगाव सुटलं आणि टेप अचानक टेलिफोनसारखा वाजायला लागला. हरेशने घाबरून दिसेल ते बटण दाबलं. चारी स्पीकरमधून नवरी, रंजिता, कडाडली.

"भगीरथ, मिशी काढलीस का रे? मी बायांशी पैज लावलेय. काढली असशील तर गाडी तशीच माघारी फिरव!"

धवला तुटला.

"गाडी थांबव," हिराबाई म्हणाल्या.

हरेशने ब्रेक दाबला, स्टिअरिंगखाली हात घातला आणि हाताला लागल्या तेवढ्या वायरी उपटल्या. टेप मेला. खात्री करायला त्याने हॉर्न दाबला. तोही मेला होता.

हिराबाईंचा एक पाय पायरीवर. "कोन बोलली रं ती?"

"नवरीच, मावशे," हरेश म्हणाला. "पन आता टेप गेला, हॉर्न पन गेला. पुढं वळनंच वळनं. तू उतरलीस तर गाडीत आवाज म्हनून काय राह्यलाच नाय."

हिराबाईंनी भगीरथच्या गुळगुळीत ओठाकडे एकदा बघून घेतलं. मग पाय आत घेतला. "हा कडेचा पडदा वर गुंडाळ."

पुढचा सगळा रस्ता त्या बाहेर डोकं काढून गायल्या. प्रत्येक वळणावर आवाज चढवायच्या; सायकलवाले आधीच कडेला व्हायचे, म्हशीसुद्धा रस्ता सोडायच्या.

हरेश मात्र गाडी हाकता हाकता मेलेल्या टेपकडे बघत होता. टेपला टेकवलेला हेडफोन लागला नाही आणि किन्हवलीची रंजिता लागली, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.