वाल्मिकभाऊंचा अंगठा मुंबईला जाऊन येतो

वापीपलीकडच्या सायली औद्योगिक वसाहतीतल्या मंजुळ इलेक्ट्रॉनिक्समध्ये वाल्मिकभाऊ बडगुजर बावीस वर्षं बटणं दाबत होते. पगारी. घरोघरी टीव्हीसमोर लोळून लोक हेच काम फुकट करतात, याची त्यांना गंमत वाटे. कारखान्यात टीव्हीचे रिमोट बनत, आणि लाइनवरून तपासायला आलेला रिमोट भाऊंच्या उजव्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय पास होत नसे. रिमोट यंत्राकडे रोखायचा, डोळे मिटायचे, बटण दाबायचं आणि यंत्राचं ‘टुक्’ ऐकायचं. डोळे का मिटायचे असं कुणी विचारलं, तर म्हणत, “डोळा लबाड असतो भाऊ. त्याला जे पाह्यचं असतं ते तो आधीच पाही घेतो. अंगठ्याला काय पडलेली नसते.”

अमळनेरहून आले तेव्हा तो अंगठा चारचौघांसारखाच होता. आता घासून इतका गुळगुळीत झाला होता, की रेशनच्या यंत्रावर ठसाच उमटेना. “सरकारच्या लेखी तुम्ही नाहीच,” पॅकिंगच्या केसरबाई म्हणत. “फक्त आमच्या नशिबात आहात.”

पण मधल्या काळात लोक टीव्हीशी बोलायला लागले. ‘बातम्या लाव’ म्हटलं की तो लावतो. उभ्या जन्मात घरात कुणी ज्याचं ऐकलं नाही, तो गृहस्थ अशा टीव्हीवर खूश होणारच! रिमोट मागे पडले. मंजुळच्या तीन लाइनींपैकी दोन बंद पडल्या, त्यांच्यावर प्लास्टिक अंथरलं गेलं, आणि मालक रमाकांतशेठ जेवणाच्या सुट्टीत त्या प्लास्टिककडे बघत डबा न उघडताच बसू लागले. करसवलतीच्या दिवसांत पार्ल्याहून इथे येऊन त्यांनी हा कारखाना उभारला होता.

अशा वेळी पुण्याहून तेजस्विनी आली. तिशीची, भरभर बोलणारी. तिच्या कंपनीचा धंदा असा, की टीव्हीवरचा खेळ घरात ठेवायचाच नाही. खेळ दूरच्या मोठ्या संगणकांवर चालायचा आणि घरात नुसतं चित्र यायचं. याला म्हणे क्लाउड गेमिंग. शेठनी उरलंसुरलं भांडवल त्यात घालावं, दोन बंद लाइनींची यंत्रं विकावीत, असा प्रस्ताव होता. कागद तयार होते, सही आजच व्हायची होती. सही झाली की बटणांचं काम संपलं, हे भाऊंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी रिवाज तो रिवाज. नवी वस्तू आली की आधी भाऊंच्या टेबलावर. तेजस्विनीची, टीव्हीला जोडायची डबी सकाळी दहाला आली, आणि सव्वादहाला भाऊंनी तिच्यावर लाल चिठ्ठी लावून परत पाठवली: ‘माल अपुरा.’

तेजस्विनी धावत आली. “काका, अपुरा म्हणजे?”

“उघडी पाह्यली, मॅडम. आत बिस्किटाएवढी पाटी. बाकी सगळी पोकळ. पार्ट टाकायचे राही गेले तुमच्या लोकांचे.”

“अहो, तेवढंच असतं आत!”

“आणि खेळ?”

“खेळ नवी मुंबईत.”

भाऊंनी एकदा डबीकडे, एकदा खिडकीबाहेर पाहिलं. नवी मुंबई तिकडे कुठेतरी, पावणेदोनशे किलोमीटरवर. वापीच्या स्टेशनावर पोचायलाच रिक्षाला पाऊण तास लागतो.

तेजस्विनीने डबी टीव्हीला जोडली आणि दोन हातांत धरायचं बटणांचं खेळणं त्यांच्या हाती दिलं. पडद्यावर लाल पागोट्याचा एक बुटका माणूस विहिरीच्या काठाशी उभा होता.

“दाबा.”

भाऊंनी दाबलं. बुटक्याने टुण्णकन उडी मारून विहीर ओलांडली.

“आत्ता हे दाबणं तिकडे जाऊन आलं?”

“जाऊन आलं.”

भाऊंनी पुन्हा दाबलं. पुन्हा उडी. मग डोळे मिटले आणि मान किंचित तिरकी करून, उडीचं ‘टुण्ण’ ऐकत ते दाबत राहिले. हळूहळू त्यांचं तोंड उघडं पडलं. एखादा देव नुसत्या हाकेला ओ देऊ लागला तर भक्ताचं होईल तसं. केसरबाई पॅकिंग सोडून बघायला आल्या आणि त्यांच्या जिभेला चक्क काही सुचेना.

“पहिली उडी लवकर आली,” डोळे मिटूनच भाऊ म्हणाले. “तिसरी अंमळ रेंगाळली.”

तेजस्विनी हसली आणि आपल्या लॅपटॉपवरचे आकडे बघायला वाकली. मग तिचं हसू गेलं. पहिली साठ, तिसरी ऐंशी. सेकंदाच्या हजाराव्या भागातला हिशेब. तिने आकड्यांकडे पाहिलं, मग त्या गुळगुळीत अंगठ्याकडे. “काका, हे आमच्या ऑफिसात कुणालाच कळत नाही. आम्ही मशीन लावून बघतो.”

शेठ दारात उभे होते. “वाल्मिक, काय म्हणतोस?”

एक शब्द ‘खराब’ म्हटला असता तर पोट वाचलं असतं. भाऊंच्या मनात तो येऊनही गेला. पण अंगठ्याने जे जाणलं ते तोंडाने नाकारायचं, ही सवयच नव्हती.

“भारी आहे शेठ,” ते म्हणाले. “जिंदगीत असं पाह्यलं नाही.” आणि त्यांनी हिरव्या चिठ्ठीवर अर्धी सही केली.

“अर्धीच?” तेजस्विनीने विचारलं.

“बाकीची पाळी सुटताना. सकाळी पास केलेला माल पाळी सुटताना परत बघायचा. दिवसभरात तापून काय होईल, कोण सांगणार? बावीस वर्षांचा नियम आहे.”

शेठनी सहीसाठी उघडलेलं पेन बंद केलं. “मग चारला करू सही.”

चारचा भोंगा झाला. मंजुळचा, शेजारच्याचा, पलीकडच्या प्लास्टिकवाल्याचा. साऱ्या सायलीतून माणसं रस्त्यावर सांडली, आणि सांडल्या सांडल्या प्रत्येकाने खिशातून फोन काढला. कुणाचा गावी फोन, कुणाची क्रिकेटची मॅच, कुणाचा व्हिडिओत नाचणारा पुतण्या. रोज या वेळी अर्धा तास भाऊंचा फोन घरी लागत नसे. तेजस्विनीची डबी मोबाइलच्या त्याच नेटवर चालायची. ना वायर ना केबल, हेच तर तिचं वैशिष्ट्य.

भाऊंनी डोळे मिटून बटण दाबलं.

शांतता. एक श्वास घेऊन होईल इतकी. मग लांबून आल्यासारखं ‘टुण्ण’. डोळे उघडले तेव्हा पागोटेवाला विहिरीत होता.

पाच वेळा दाबलं. पाच वेळा विहीर.

“आणि गिऱ्हाईक तर कामावरून सुटल्यावरच खेळणार ना, मॅडम?” भाऊंनी हळूच विचारलं. दोष त्यांच्याच हातून झाल्यासारखा त्यांचा आवाज होता.

तेजस्विनी खुर्चीत बसली. “आम्ही इथे नेहमी सकाळीच बघितलं,” ती म्हणाली. “चारला कुणी बघितलंच नाही.”

शेठनी कागद घडी करून तिच्यापुढे सरकवले. “ही नेटवरची गर्दी सुटेपर्यंत थांबायचा मला दम नाही, पोरी. ढगात घालायला माझ्याकडे एकदाच पुरेल इतकंच आहे.”

भाऊ हातातलं खेळणं उलटसुलट करत होते.

“हे कुठलं?” त्यांनी विचारलं.

“बाहेरून मागवतो.”

“याचं डावं बटण मरतुकडं आहे. खालचं रबर हलकं. महिन्यात बसेल.”

तेजस्विनीने मान वर केली. “गिऱ्हाइकांच्या सगळ्यात जास्त तक्रारी डाव्या बटणाच्याच आहेत.” ती शेठकडे वळली. “तुम्ही बनवाल हे? आधी दोन डझन. काकांनी पास केलेले.”

शेठ उठले, बंद पडलेल्या दोन नंबरच्या लाइनीपाशी गेले आणि प्लास्टिकचं एक टोक उचलून आत वाकून बघू लागले.

फाटकाशी केसरबाईंची गाठ पडली. त्यांची वाचा परतली होती. “काय भाऊ, आज अंगठा मुंबई फिरून आला म्हणे! येताना काही आणलं का आमच्यासाठी?”

“आणलं ना,” अंगठा शर्टाला पुसत भाऊ म्हणाले. “दोन डझनाचं काम आणलं.”