खेकडेआत्याची दरड

आमची आत्या बिळाशी बोलायची. पुणतांब्याला गोदावरीच्या काठावर ही साठीची बाई काष्टा खोचून चिखलात पालथी पडायची, उजवा हात खांद्यापर्यंत बिळात घालायची आणि गाल मातीला टेकवून आत आवाज द्यायची, "ये रं राजा. किती लाजशील? पावनी दारात पडलीय." थोड्या वेळाने हात बाहेर यायचा तो पाठीवर पकडलेला काळाभोर खेकडा घेऊनच. गाव तिला खेकडेआत्या म्हणायचं. शेतातलं काम उरकलं की ही तिची करमणूक. हाती लागलेले खेकडे ती शेजारीपाजारी वाटून टाकायची. ते विकायची गोष्ट मी एकदाच काढली. "खेळाचं दुकान मांडू नको," एवढंच म्हणाली.

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. पाडलेल्या घरांचं लाकूड उचलायचं आणि श्रीरामपुरात विकायचं. वडिलांशी भांडून घर सोडलं तेव्हा माझ्याकडे एक सायकल होती आणि जेवायला आत्याचं घर होतं. बाकीच्या नातेवाइकांनी काय केलं ते मी विसरलेलो नाही, पण तो विषय इथे नको. लोक विचारतात, घासाघीस कुठे शिकलात? नदीवर शिकलो.

ज्वारीच्या ताटाला कोंबडीचं आतडं बांधून आत्या ते बिळाच्या तोंडाशी धरायची. आतून एक नांगी यायची आणि आतडं पकडायची. मी तापट माणूस, लगेच ओढायचो. खेकडा सोडून आत पसार. आत्या कपाळाला हात लावायची. "आरं, त्याला वाटू दे, त्योच तुला वढतोय. दोन्ही नांग्या गुतू दे. मंग उचल, सावकाश." तेव्हापासून समोरच्याला मी हेच वाटू देत आलो आहे.

बीळ जिवंत की मेलेलं हे ती लांबूनच ओळखायची. तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या दिसल्या तर मालक घरात. कोळ्याचं जाळं असेल तर तिथे हात घालायचा नाही, आत दुसरंच कोणीतरी असतं. पकडलेला खेकडा आधी उलटा करायचा. पोटावरची पट्टी निमुळती असली तर नर, तो पाटीत जायचा. पट्टी रुंद, पानासारखी असली तर मादी. मग आत्या ती पट्टी नखाने हलकेच उचलून बघायची. खाली अंडी किंवा पिल्लं असली की मादी परत, आणि तीही नुसती पाण्यात फेकून नाही, ज्या बिळातून काढली त्याच बिळात. कात टाकलेला मऊ खेकडाही ती घ्यायची नाही. "त्याच्या अंगावर कापड न्हाई. लाज धर जरा."

एकदा मी माल बघायला मुंबईला गेलो, तेव्हा येताना बर्फात घालून समुद्राचे खेकडे आणले. मला वाटलं, आत्या हरखेल. तिने एक उचलला आणि त्याचे मागचे पाय बोटाने ताणून बघितले. ते चपटे होते, वल्ह्यासारखे.

"ह्यो पवतो व्हय रं?"

"पोहतो म्हणजे काय, माशासारखा जातो."

"म्हंजी ह्याला बीळ न्हाई." तिने खेकडा परत बर्फावर ठेवला. "फिरस्ता हाय बिचारा. तुझ्यावानी."

रस्सा मात्र तिने दोनदा मागून घेतला.

आता माझं दुखणं सांगतो. आत्याचं घर मातीच्या भिंतींचं. मागची भिंत दर पावसाळ्यात एकेक वीत खाली बसायची. मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. तिला पक्की खोली बांधून द्यायची हे मी मनाशी धरलं होतं. सागवानी दार बाजूला काढून ठेवलं होतं, पण नुसत्या दाराने खोली होत नाही. अशात तिचा निरोप आला, 'भट्टीवाला आलाय. दरडीची माती मागतोय. बोलाया ये.' खेकड्यांची सगळी बिळं जिच्यात होती ती नदीकाठची उभी दरड आत्याच्या मालकीची होती. माती चिकण, विटेला एक नंबर.

मी गेलो. माती देतो, पण बदल्यात विटा हव्यात, असा सौदा मांडला. भट्टीवाला पक्का होता, पण माझ्यापुढे किती टिकणार? मी दोनदा उठून निघालो, दोनदा त्याने मला हाताला धरून बसवलं. शेवटी एका खोलीच्या आणि पुढच्या ओट्याच्या विटा, त्याही त्याच्याच ट्रॅक्टरने दारात आणून, एवढं ठरलं. तालुक्यात मातीला असा मोबदला कोणी काढला नसेल. आत्या चुलीपाशी चहा गाळत होती. ती पहिल्यांदाच बोलली.

"माती कवा काढनार?"

"उद्यापासून, आजी. उन्हाळ्यातच भट्टी लागती."

"आता माद्या खोल बसल्यात, अंडी घेऊन. पाऊस पडू दे, पोरं सुटू दे. मंग ने."

भट्टीवाला हसला. "पावसात विटा कुठं वाळवू, आजी?"

"मंग न्हाई जमायचं. चहा घे."

माझं डोकं फिरलं. त्याच्यासमोरच ओरडलो, "खेकड्यांपायी घर घालवतेस?"

"मला हाय की घर. जाईल ते त्यांचं."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"त्याला घालवाया. तू तर इकूनच मोकळा झाला."

"मग आधीच सांगायचं!"

"तुझी घासाघीस लई रंगात आल्ती. मधी कशाला बोलू?"

मी चहा न घेता निघालो आणि पावसाळ्यापर्यंत तिकडे फिरकलो नाही. मग कळलं, मागची भिंत पडली. टेम्पोत पत्रे आणि वासे टाकून गेलो, भिंतीच्या जागी उभे केले. काम झाल्यावर आत्या मला ओढतच दरडीखाली घेऊन गेली. उथळ पाण्यात एक मादी बसली होती. बघता बघता तिने पोटाची पट्टी उघडली आणि मसुरीच्या डाळीएवढे खेकडेच खेकडे चहूकडे पांगले.

"बघ," आत्या म्हणाली, "चालल्या तुझ्या इटा!" आणि हसता हसता चिखलातच बसली. मी हसलो नाही. अजूनही मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

पुढे काही वर्षांनी ती त्याच घरात, पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून गेली. दरड माझ्या नावावर करून गेली होती. दिवस होतात न होतात तोच भट्टीवाला हजर. या वेळी तो स्वतःच दोन खोल्यांच्या विटा बोलला. बाहेर ऊन तापायला लागलं होतं. मी त्याला बसवलं, चहा दिला आणि चार खोल्यांच्या मागितल्या. तो तीनवर आला. मी सहा म्हणालो. तो चारला तयार झाला तेव्हा मी वाडा, कंपाउंड आणि विहिरीच्या बांधकामाच्या मागितल्या. असं करत करत मी त्याला असा पिटाळला की तो पुन्हा त्या काठाला आला नाही.

आत्याने मला बोलावलं होतं ते ह्याच कामासाठी. तिच्यासमोर केलं असतं तर चुलीपाशी बसून तिने किती मजा घेतली असती. आधी सांगितलं नाही म्हणून मी तिला कधीच माफ करणार नाही.