रोबोचा गुडघा

आमची धाकटी बहीण शाळाशाळांतून माणसासारखा दिसणारा रोबो घेऊन फिरते. पोरांना इंजिनिअरिंगची गोडी लावायची, हे तिचं काम. मी सातवी पास. पण तिच्या हातात पहिला पाना मीच दिला, हे मी भेटेल त्याला सांगतो.

त्या दिवशी टेम्पो मीच चालवत नेला. शाळेच्या हॉलमध्ये पडद्यातून दुपारचं ऊन झिरपत होतं आणि रोबो त्यातून झोपेत चालल्यासारखा निघाला. मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच बजावलं होतं, "दहा पोरांची नावं आली तरच तुमचा रोबोचा वर्ग सुरू करू." पोरं मात्र जांभया देत होती.

"असले मोबाईलवर रोज बघतो," एक पोरगी म्हणाली.

तेवढ्यात रोबोचा गुडघा अडकला.

धाकटीनं त्याला अलगद खाली बसवलं, गुडघ्याचं झाकण काढलं. "ए मोबाईलवाले, इकडे ये. पाय धर त्याचा. जड आहे हं."

पोरीनं तो पाय आजारी माणसाचा घ्यावा तसा मांडीवर घेतला. आत इवलीशी चाकं होती, त्यांवर काळा पट्टा. सगळी पोरं न बोलवता भोवती येऊन बसली. उन्हातली धूळसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

"दुखत असेल का गं याला?" कुणीतरी कुजबुजलं.

"पट्टा सरकलाय नुसता," म्हणत पोरीनं तो बोटानं जागेवर बसवला.

नावं आली एकतीस! धाकटी म्हणते, रोबो बिघडला म्हणून आली. मी म्हणतो, बहीण कुणाची आहे!